सोप्या पातळीची लाज कशाला? : वाचकांचे प्रश्न

व्हिडिओ गेममधील काठिण्याविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत खंत, राग आणि बढाई यांचे प्रमाण आमच्या अपेक्षेपेक्षा बरेच अधिक निघाले. जागेअभावी त्यांतील पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत.

प्रश्न : माझे वय सत्तेचाळीस आहे. शाळकरी वयात ‘कॉन्ट्रा’मध्ये माझा हात धरणारा आमच्यात कोणी नव्हता. आता दिवसभराच्या कामानंतर जेमतेम तासभर मिळतो, म्हणून कोणताही नवा खेळ मी सोप्या पातळीवर सुरू करतो. माझा भाचा म्हणतो, “मामा, सोप्यावर खेळलास म्हणजे खेळलाच नाहीस.” त्याचे बोलणे मनावर घेऊ नये हे मला कळते, तरीही तो पर्याय निवडताना काही चोरून घेत असल्यासारखे वाटते. असे का व्हावे? – एक जुना खेळाडू

उत्तर : ही भावना आपल्या एकट्याची नाही आणि ती आपोआप उगवलेलीही नाही; खेळ बनवणाऱ्यांनीच ती बऱ्याच अंशी पेरली आहे. १९९२ साली आलेल्या ‘वुल्फेनस्टाईन थ्रीडी’मध्ये सर्वांत सोप्या पातळीचे नाव ‘बाबा, मी खेळू का?’ अशा अर्थाचे होते आणि ती निवडू लागताच नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचे टोपडे व तोंडात चोखणी दिसत असे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डूम’मध्ये सर्वांत खालच्या पायरीला ‘मरण्याचे माझे वय नाही’ आणि सर्वांत वरच्या पायरीला ‘दुःस्वप्न’ अशा अर्थाची नावे होती. निर्मात्यांनी हे गमतीने केले आणि त्या वयात आम्हीही त्यावर खळखळून हसलो. मात्र खेळ सुरू होण्याआधीच, केवळ पातळी निवडताना, मोठे कोण आणि लहान कोण हे ठरवून टाकण्याची सवय त्या हसण्याबरोबर रुजली आणि ती अजून सुटलेली नाही.

त्याही आधी, आर्केडच्या काळात, काठिण्याचा संबंध प्रतिष्ठेपेक्षा पैशाशी अधिक होता. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर एकच खेळाडू तासभर उभा राहिला तर यंत्राच्या मालकाचे नुकसान होई. म्हणून काही मिनिटांत खेळाडूला संपवायचे, पण पुन्हा नाणे टाकावेसे वाटेल इतकी आशा शिल्लक ठेवायची, असा तो हिशेब होता. काही वेळा काठिण्य निव्वळ योगायोगानेही आले. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात, याचे मूळ कारण असे की पडद्यावरील आकृत्या कमी झाल्या की त्या काळच्या प्रोसेसरवरील भार हलका होई. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम तसाच ठेवला आणि खेळ पुढे जाईल तसा तो कठीण होत जावा, ही रीत त्यातून पक्की होण्यास हातभार लागला.

आपण ‘कॉन्ट्रा’चे नाव काढले आहे म्हणून विचारतो : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, ही बटणे आपण त्या वयात दाबली होती की नाही? दाबली असतील तर आपल्याला तीनऐवजी तीस लाइफ मिळाल्या होत्या, आणि तेव्हा चोरी केल्यासारखे वाटल्याचे निदान मला तरी आठवत नाही. या संकेताचा जन्मही बोलका आहे. कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा आर्केडचा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करत होते; चाचणी घेताना तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी हा चोरदरवाजा ठेवला. त्याच वर्षी जपानमध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग अमेरिकेतील खेळाडूंना फार कठीण जाईल असे वाटल्याने तिकडे पाठवलाच गेला नाही, १९९३ मध्ये एका संग्रहाचा भाग म्हणून तो तिथे पोहोचला. ‘पूर्वीचे खेळाडू कणखर होते’ असे कोणी म्हणू लागले की मला हे दोन प्रसंग हटकून आठवतात.

राहिला भाच्याचा प्रश्न. प्रतिक्रियेचा वेग वयाबरोबर हळूहळू मंदावतो, आणि रोज चार तास सराव करणाऱ्याचे हात व आठवड्यातून चार तास खेळणाऱ्याचे हात सारखे नसतात. त्याला ‘साधारण’ पातळीवर जितका घाम फुटतो तितकाच आपल्याला ‘सोप्या’ पातळीवर फुटत असेल, तर मेनूतील शब्द वेगवेगळे असूनही तुम्ही दोघे सारखाच कठीण खेळ खेळत आहात. मात्र सोप्या पातळीवर आपल्याला अजिबात घाम फुटत नसेल, डोळे मिटूनही शत्रू कोसळत असतील, तर मनातली टोचणी कदाचित लाजेची नसून कंटाळ्याची असेल, आणि तसे असल्यास एक पायरी वर चढून पाहण्यास हरकत नाही.

प्रश्न : ‘सेकिरो’ पूर्ण करायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो ते कोणत्याही सोप्या पातळीवर शिकलो नसतो. तरीही असे कठीण खेळ आले की सोपी पातळी द्या अशी ओरड सुरू होते. निर्मात्याने विचारपूर्वक घडवलेली कलाकृती लोकांच्या सोयीसाठी पातळ का करावी? ज्यांना जमत नाही त्यांनी दुसरा खेळ शोधावा. – एक विद्यार्थी

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य सोडले तर बाकीच्याशी मी जवळजवळ सहमत आहे, आणि ‘जवळजवळ’ का म्हणालो तेही सांगतो.

सोपी पातळी न देण्याचा निर्मात्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. ‘सेकिरो’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण तेथील काठिण्य वरून ओतलेले नाही. शत्रूचा तोल ढासळवणे हा त्या खेळाचा गाभा आहे : त्याचा वार नेमक्या क्षणी परतवला की तोल ढळतो, आणि आपण भिऊन मागे सरलो की तो सावरतो. म्हणजे सुरक्षित अंतरावर पळत राहून टोचत राहणे, ही इतर खेळांत चालणारी युक्ती येथे उलट अंगावर येते. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा मोठा शत्रू उभा असतो तो बहुधा हाच धडा शिकवण्यासाठी. मला स्वतःला तो समजायला नऊ संध्याकाळी लागल्या आणि समजला तेव्हा तलवारींचा आवाज एखाद्या ठेक्यासारखा ऐकू येऊ लागला. शत्रूंचा मार निम्मा केला असता तर मी तो ठेका न शिकताच पुढे गेलो असतो. तेव्हा आपण दोन महिन्यांत काही विशेष कमावले याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काठिण्य सर्वांसाठी एकसारखे आणि अढळ ठेवण्याचे आणखी एक मोल आहे, ते आपल्या पत्रात आलेले नाही. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरील १९८९ च्या ‘टेट्रिस’मध्ये एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरले तरी ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत, कित्येक वर्षे तीच खेळाची शेवटची हद्द मानली जात होती. मग खेळाडूंनी बटण दाबून धरण्याऐवजी ते अतिवेगाने थरथरते दाबण्याची रीत काढली, त्यानंतर कंट्रोलरच्या मागच्या बाजूवर बोटे तबल्यासारखी फिरवण्याची रीत काढली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत जाऊन खेळच गोठवून दाखवला. मधल्या चौतीस वर्षांत यंत्रात काडीचाही बदल झालेला नव्हता. हद्द हलवण्याची सोय असती तर ती ओलांडण्याचे हे कौतुकही उरले नसते.

आता सहमती जिथे संपते तिथे येऊ. २०१९ मध्ये ‘सेकिरो’ बाजारात आला तेव्हा झालेल्या वादात सोपी पातळी मागणाऱ्यांनी आपल्यासारख्यांच्या प्रतीतील एकही वार हलका करा असे म्हटले नव्हते. कोणी दुसऱ्या घरी, दुसऱ्या पडद्यावर, हळू वेगाने तोच खेळ खेळला तर आपल्या दोन महिन्यांतील एकही दिवस कमी होत नाही. ‘त्यामुळे माझ्या यशाची किंमत घसरते’ असे आपल्याला वाटत असेल, तर आपण जे शिकलात त्यापेक्षा इतरांना जे जमले नाही त्यालाच अधिक किंमत देत आहात, आणि हे मला आपल्या पत्राच्या एकूण सुराशी विसंगत वाटते.

शिवाय ‘सेकिरो’ बनवणाऱ्याच फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने आणि त्याचेच दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ काढला. त्याच्या मेनूत सोपी पातळी नाही. परंतु ती खेळाच्या जगातच पसरून ठेवली आहे. मार्गिट नावाचा पहिला मोठा शत्रू वाट अडवतो तेव्हा खेळाडू पाठ फिरवून दहा तास भलतीकडे भटकू शकतो, बळ वाढवून परत येऊ शकतो, लढण्यासाठी आत्म्यांची राख वापरून साथीदार उभा करू शकतो किंवा दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावू शकतो. पहिल्या वर्षभरात या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, त्या सगळ्या काही पोलादी मनगटाच्या लोकांनी घेतल्या नव्हत्या. गंमत अशी की निर्मात्याने स्वतः हाती दिलेली ही साधने वापरणाऱ्यांनाही ‘हा काही खरा विजय नव्हे’ असे हिणवणारे निघालेच. म्हणजे निर्मात्याच्या हेतूचा आदर हा मुद्दा सोयीचा असेपर्यंतच मांडला जातो. स्वतः मियाझाकी यांनी, आपण कधीच फारसे निष्णात खेळाडू नव्हतो आणि खेळताना पुष्कळदा मरतो, असे मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांना दुसरा खेळ शोधायला कोण सांगणार?

‘गिट गुड’, म्हणजे ‘आधी शिकून ये’, हे दोन शब्द प्रत्येक तक्रारीवर फेकणाऱ्यांना असे वाटते की तक्रार करणारा प्रत्येक जण ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यातला असतो. बहुतेक वेळा तसे असतेही. पण अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते, हे निर्मात्यांनाही मान्य आहे : ‘एल्डन रिंग’च्या २०२४ मधील पुरवणी भागावर अतिकाठिण्याची तक्रार झाली तेव्हा काही दिवसांतच सुधारणा करून खेळाडूला मिळणारे बळ सुरुवातीच्या टप्प्यांत वाढवण्यात आले. ती सुधारणा येण्याआधी तो भाग जिंकलेल्यांचा विजय त्यामुळे रद्द झाला नाही.

प्रश्न : काही खेळ आपण वारंवार हरू लागलो की न सांगता सोपे होतात, असे ऐकले. मग माझा विजय खरा मानायचा की खोटा? – एक साशंक वाचक

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. २००५ च्या ‘रेझिडेंट इव्हिल ४’मध्ये खेळाडूच्या कामगिरीनुसार शत्रूंचा जोर आणि काही ठिकाणी त्यांची संख्याही बदलत असे, आणि २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये तर शत्रूंची गर्दी केव्हा सोडायची व उसंत केव्हा द्यायची हे ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा होती. शर्यतीत मागे पडलेल्याला ‘मारिओ कार्ट’ अधिक प्रभावी वस्तू देतो, तेही याच जातीचे. शत्रू आपणच मारलात, तेव्हा विजय खरा. मला आक्षेप आहे तो लपवाछपवीला. खेळ मदत करत असेल तर ती बंद करण्याची कळ खेळाडूच्या हाती असावी.

प्रश्न : एका आजारानंतर माझ्या उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखी चपळ राहिलेली नाहीत. साहाय्याच्या सोयी असलेले खेळ मी खेळते. या सोयी अपंगांसाठी असतात की आळशांसाठी, असा प्रश्न मला एकाने विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. – एक वाचक भगिनी

उत्तर : ते उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर नव्हतीच. कोणत्या कारणासाठी मदत घेता, हे न विचारणे हाच या सोयींमधला मोठा शहाणपणा आहे.

२०१८ च्या ‘सेलेस्ट’चे उदाहरण घ्या. तो मुळात अतिशय कठीण खेळ आहे. उड्या अचूक मारायच्या, काटे टाळायचे, चुकले की मरण. त्याच्या साहाय्य पर्यायात मात्र ‘सोपे’ नावाचा एकच खटका नाही. खेळाचा वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत उतरवता येतो, कड्याला धरून राहण्याचा दम अमर्याद करता येतो, हवेतल्या झेपा वाढवता येतात, किंवा मृत्यूच टाळता येतो, आणि यांतील प्रत्येक गोष्ट वेगळी निवडता येते. ज्याची बोटे संथ आहेत पण बुद्धी तल्लख आहे त्याने फक्त वेग कमी करावा आणि काटे तसेच ठेवावेत. त्याच्यासाठी तो खेळ पूर्वीइतकाच कठीण राहतो, फक्त योग्य जागी कठीण राहतो. आपल्याला अडचण बोटांची आहे. कोडे सोडवण्याचे श्रम आपल्याला टाळायचे नाहीत, असे आपल्या पत्रावरून दिसते. म्हणून नवा खेळ घेताना काठिण्यपातळीच्या आधी हे पाहावे की बटणांच्या जागा बदलता येतात का, एखादे बटण भराभर ठोकत राहण्याऐवजी नुसते दाबून धरले तर चालते का, आणि नेम धरण्यास मदत मिळते का. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात अशा साठाहून अधिक सोयी होत्या, आणि काठिण्यही शत्रू, साधनसामग्री, लपून राहणे असे स्वतंत्रपणे ठरवता येत होते. खेळाइतकेच यंत्राकडेही लक्ष द्यावे : मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या अनुकूली कंट्रोलरला मोठी बटणे, पायाने दाबायच्या कळा किंवा इतर उपकरणे जोडता येतात.

आणि कोणी खरोखरच आळसापोटी अमरत्वाचा पर्याय निवडला, तर त्याची संध्याकाळ त्याने कशी घालवावी याची चिंता मी करत नाही.

प्रश्न : ‘सिल्कसाँग’मध्ये मी एकाच बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी, तीन आठवडे अडकलो आहे. हल्ली कंट्रोलर हातात घेताच चिडचिड होते. सोडून दिले तर हार पत्करल्यासारखे वाटेल. जिद्द कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो? – एक त्रस्त खेळाडू

उत्तर : आधी एक साधी कसोटी लावून पाहा. मेल्यावर, पडदा परत उजळण्याआधी, आपण कशाने मेलो हे एका वाक्यात सांगता येते का? ‘त्याने हात वर केला तेव्हा मी उडी मारायला उशीर केला’ असे काही सांगता येत असेल तर आपण शिकत आहात, आकडा कितीही वाढला तरी. ‘सेलेस्ट’ तर खेळाडूला त्याच्या मृत्यूंच्या संख्येचा अभिमान बाळगायला सांगतो. मात्र तीन-चार दिवस सलग ‘काय झाले कळलेच नाही’ एवढेच उत्तर येत असेल तर हात फक्त सवयीने हलत आहेत, आणि अशा वेळी आणखी पन्नास प्रयत्न करण्यापेक्षा दोन दिवस खेळाला हात न लावणे अधिक उपयोगी पडते. परतल्यावर बऱ्याचदा पहिल्या काही फेऱ्यांतच फरक जाणवतो. झोपेत मेंदू शिकलेले पक्के करतो, हे येथे कामी येते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली चिडचिड नक्की कशाची आहे, हे तपासावे. लढाई कठीण असणे वेगळे आणि हरण्याची शिक्षा मोठी असणे वेगळे, पण संतापात दोन्ही एकच वाटतात. २०१० च्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये खेळाडू शेकडो वेळा मरतो, पण पापणी लवते न लवते तोच पुन्हा सुरुवातीला उभा असतो, त्यामुळे तो खेळ महाकठीण असूनही त्याचा राग क्वचितच येतो. याउलट काही खेळांत मेल्यावर बॉसच्या दारापर्यंत पुन्हा सगळी वाट तुडवत जावे लागते. लढाई दीड मिनिटाची आणि वाट दोन मिनिटांची असेल, तर तीन आठवड्यांतील निम्म्याहून अधिक वेळ आपण लढण्यात नव्हे, चालण्यात घालवला आहे. ‘सिल्कसाँग’विषयी २०२५ मध्ये ज्या तक्रारी झाल्या त्यांत या पायपिटीचा वाटा मोठा होता, निर्मात्यांनी पहिल्याच सुधारणेत सुरुवातीचे दोन बॉस काहीसे सौम्यही केले. आपला बॉस त्यांपैकी असेल आणि आपण खेळाची जुनीच आवृत्ती वापरत असाल, तर आधी ती अद्ययावत करून घ्यावी. तसे नसेल तर त्या खेळात दुसऱ्या वाटा मोकळ्या आहेत का ते पाहावे. बहुधा असतात, आणि तिकडे मिळालेले एखादे साधन हीच लढाई पालटू शकते. दुसऱ्याची लढाई व्हिडिओत पाहणे यालाही मी फसवणूक मानत नाही. पाहून कळते, पण हातांना ते वेगळे शिकवावेच लागते.

एवढे करूनही जमले नाही तर खेळ बाजूला ठेवावा. ‘कपहेड’मध्ये ढगांवरून उड्या मारत एका ड्रॅगनशी लढायचे असते. २०१७ मध्ये मी त्याच्यापाशी अडकलो, दोन आठवडे झुंजलो आणि सोडून दिले. ती सेव्ह फाइल अजून माझ्याकडे आहे. वर्षातून एखाद्या वेळी ती उघडतो, त्या ड्रॅगनच्या हातून पाच-सहा वेळा मरतो आणि बंद करून दुसरे काहीतरी खेळायला घेतो.